खर्च-उत्पन्नाचा आलेख डेसमॉसवर: कितपत उपयोगी?

डेसमॉस हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत आलेख-कॅल्क्युलेटर. बनलंय गणिताच्या वर्गासाठी, पण नफा नेमका किती नगांवर आहे हे शोधायला एक्सेलपेक्षा सुटसुटीत. एक्सेलमध्ये आधी रकाने भरायचे. त्यात चुकून 'लाइन' चार्ट निवडला तर 10, 50, 200 हे नग समान अंतरावर बसतात आणि छेदबिंदू भलतीकडेच दिसतो. (तिथे 'स्कॅटर'च घ्यावा.)

समजा स्थिर खर्च 2000, दर नगामागे खर्च 40. जास्त विकायचं तर भाव उतरवावा लागतो, म्हणून भाव = 200 वजा नगांचा निम्मा. पहिल्या ओळीत खर्च सी(एक्स), दुसरीत उत्पन्न आर(एक्स), म्हणजे भाव गुणिले नग, आणि तिसरीत दोन्हींची वजाबाकी पी(एक्स).

पडद्यावर मात्र उत्पन्नाची जवळजवळ उभी रेघ तेवढी दिसते. समीकरण चुकलेलं नसतं. सुरुवातीला अक्षच साधारण −10 ते 10 असतात. पान्याच्या चिन्हात जाऊन आडवा अक्ष 0 ते 350 आणि उभा −3000 ते 22000 करा.

आता वक्रावर क्लिक केलं की राखाडी ठिपके उमटतात. खर्च आणि उत्पन्न 13.03 आणि 306.97 वर छेदतात. अर्धामुर्धा नग विकता येत नाही, तेव्हा नफा 14 ते 306 नगांपर्यंतच. 13 वर साडेचाराचा तोटा. पी(एक्स)चं शिखर 160 वर, नफा 10800. उत्पन्नाचं शिखर मात्र 200 वर, 20000. त्याच्यामागे धावलात तर नफा 10000 वर येतो, 800 गेले. दोन आलेखांमधलं उभं अंतर 160 वर सर्वात जास्त असतं, कारण तिथे उत्पन्नाच्या वक्राचा उतार खर्चाच्या रेषेइतकाच, 40 भरतो.

खरी मजा स्लायडरची. 2000 च्या जागी एखादं अक्षर ठेवून ते सरकवा: खर्चाची रेषा समांतर वर चढते, छेदबिंदू जवळ येतात, पण शिखर 160 वरून हलत नाही. 12800 ला रेषा वक्राला नुसती स्पर्श करते, त्यापुढे तोटाच.

उणीव पायरीच्या खर्चात जाणवते. 100 नगांनंतर दुसरं यंत्र लागून स्थिर खर्च 5000 झाला, तर अटी महिरपी कंसात लिहिता येतात, आलेखही बरोबर येतो. पण ठिपका 160 वरचं 7800 चं शिखर दाखवतो, आणि खरा जास्तीत जास्त नफा 9000 असतो तो पायरीच्या काठावर, 100 वर. त्यामुळे पायरी असेल तिथे पी(100) वेगळं टाइप करून बघावंच.