ऑलिम्पिया: आधी म्युझियम, मग देऊळ

मुलगा क्रूझवर कामाला आहे, म्हणून गेल्या सप्टेंबरात आम्हां दोघांना ग्रीसचा योग आला. काताकोलो बंदरात उतरून बसने ऑलिम्पिया गाठलं, जुन्या ऑलिम्पिक खेळांची जागा. अवशेष आणि म्युझियम एकाच तिकिटात होतात. सहलवाल्यांनी आधी भर उन्हात अवशेष फिरवले आणि म्युझियमला जेमतेम अर्धा तास ठेवला. तुम्ही गेलात तर उलट करा.

कारण ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस, त्याच्या देवळाचा एकच खांब उभा आहे, तोही २००४ साली अथेन्स ऑलिम्पिकच्या वेळी पुन्हा रचलेला. बाकीचे सहाव्या शतकातल्या भूकंपांत कोसळले ते तसेच आडवे आहेत, ऊस तोडून कांडी ओळीने ठेवावी तसे. एकेक तुकडा माझ्या उंचीहून रुंद. दगड जवळून पाहिला तर त्यात शिंपलेच शिंपले, तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) कवचं थापून बसवावीत असे. इ.स.पू. ४५६ च्या सुमारास देऊळ पूर्ण झालं तेव्हा यावर पांढरा गिलावा होता.

गाभाऱ्यात फिडियास या शिल्पकाराने घडवलेली सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती होती, सुमारे १२ मीटर उंच. मी गोव्यातल्या कवळ्याची. आमची शांतादुर्गा मूळ केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा तिच्या माणसांनी तिला नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर असलेल्या अंत्रुज महालात आणलं. आजही तिची पूजा चालते. झ्यूसची मूर्तीही कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) हलवली आणि तिथे आगीत गेली, असं सांगतात. त्या रिकाम्या जागेसमोर मला फार वेळ बोलवेना. हे पुढे गेले, मी थांबले.

शेजारीच फिडियासची कार्यशाळा आहे. तिथे पुढे चर्च झालं, म्हणून भिंती बऱ्या उरल्या आहेत.

म्युझियममध्ये मधल्या मोठ्या दालनात देवळाच्या दोन्ही बाजूंच्या, छपराखालच्या त्रिकोणांतल्या संगमरवरी मूर्ती समोरासमोर मांडल्या आहेत. पूर्वेकडच्या मूर्तींत एक म्हातारा भविष्यवेत्ता बसलाय, पोटाला वळ्या, हात गालापाशी. रथांच्या शर्यतीत राजा मरणार हे त्याला एकट्याला कळलंय. घरातल्या आजाऱ्याच्या खोलीबाहेर बसलेले वडीलधारे असेच दिसतात. या मूर्ती आधी पाहिल्या असत्या, तर बाहेर पडलेल्या दगडांवर त्या मनाने चढवता आल्या असत्या.

हर्मिस देवाच्या पुतळ्यापाशी गर्दी असते, पुतळा सुंदरच आहे. पण माझा जीव अडकला तो कार्यशाळेत सापडलेल्या एका लहानशा काळ्या मातीच्या भांड्यात. बुडाला कोरलंय: ‘मी फिडियासचा’. आईने लग्नात दिलेल्या माझ्या तांब्यावरही असंच नाव घातलेलं आहे. त्या पेटीपाशी पोचले तेव्हा बस सुटायला दोनच मिनिटं उरली होती.