रत्नागिरीतून युरोपीय शासनव्यवस्थेचा पदव्युत्तर अभ्यास: एका दूरस्थ अभ्यासक्रमाचे परीक्षण

राज्यशास्त्राची पदवी आणि घरची हापूसची बाग एवढ्या शिदोरीवर मी एका युरोपीय विद्यापीठाच्या या दूरस्थ अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा रत्नागिरीत बसून युरोपचा कारभार शिकण्याचा उपयोग काय, असे अनेकांनी विचारले होते. अभ्यासक्रम ६० ईसीटीएस (युरोपातील विद्यापीठांची सामाईक पद्धत) श्रेयांकांचा आहे आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे दोन वर्षांत तो पुरा करायचा तर आठवड्याचे पंधरा-सोळा तास काढावेच लागतात.

पहिल्या सत्रात युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन करणाऱ्या १९५७ च्या रोम करारापासून युरोपीय संघाला आजची रचना देणाऱ्या, १ डिसेंबर २००९ रोजी लागू झालेल्या लिस्बन करारापर्यंतचा प्रवास येतो. तो भाग नेटका असला तरी कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात मिळेल असा आहे.

या अभ्यासक्रमाचे खरे मोल दुसऱ्या सत्रात, युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या, अंमलबजावणी निर्णयांवरील (आधीचे कायदे प्रत्यक्षात आणण्यासाठी घेतलेल्या निर्णयांवरील) भागात कळले. प्रत्येकाने एक निर्णय निवडून त्यावर प्रबंधिका लिहायची होती आणि मी २०१४ सालची भारतीय आंब्यावरील बंदी निवडली. माझ्या पहिल्या मसुद्यातील ‘युरोपने बंदी घातली’ या वाक्याखाली रेघ ओढून प्राध्यापकांनी समासात ‘युरोप म्हणजे कोण?’ एवढेच लिहिले होते. त्याचे उत्तर शोधण्यात माझे सहा आठवडे गेले, आणि सर्वांत अधिक मी त्याच आठवड्यांत शिकलो. मसुदा आयोगाचा, त्यावरील मत सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या वनस्पती-आरोग्यविषयक स्थायी समितीचे, आणि युरोपीय संसदेचे त्यावर मतदानच नाही, हे मूळ कागद वाचल्यावरच नीट उमगते. निर्णय २४ एप्रिलचा आणि अंमल १ मेपासून, म्हणजे ऐन हंगामात. त्या वर्षी वडिलांनी लंडनसाठी बाजूला काढलेल्या पेट्या वाशीला पाठवाव्या लागल्या होत्या, आणि त्यामागे एवढी रीतसर प्रक्रिया असेल याची घरात कोणालाही कल्पना नव्हती. निर्णयाच्या मजकुरात आंब्याबरोबर वांगे, कारले, पडवळ आणि अळू आहे, पण अळूची मुळे वगळलेली आहेत. फळमाशी आणि इतर किडींचा धोका कोठे आहे आणि कोठे नाही, याचा विचार करून एकेक शब्द घातलेला असतो, हे मला त्या एका अपवादावरून दिसले. २०१५ च्या आरंभी आंब्यावरील बंदी मुदतीपूर्वीच उठली, तीही भारताने तपासणी आणि प्रमाणपत्रांची व्यवस्था सुधारल्यानंतर, याच मार्गाने.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ज्या देशांतून माल युरोपात जातो, त्यांची बाजू सबंध अभ्यासक्रमात जेमतेम एका आठवड्यापुरती येते. चर्चासत्रे तेथील संध्याकाळी सहाला असल्यामुळे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात. पावसाळ्यात वीज गेली की सत्र हुकते, आणि ध्वनिचित्रमुद्रण आठ-दहा दिवस मिळत नाही. परीक्षा मे महिन्यात येते. बागेत तोडणी चालू असल्याने तारीख पुढे ढकलण्याची मी विनंती केली, तेव्हा कार्यालयाने नकार कळवायलाही तीन आठवडे लावले, याचे मला अजून वाईट वाटते. शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याला निदान वेळेवर उत्तर मिळावे.

तरीही निर्यातीच्या कागदपत्रांशी रोजचा संबंध असलेल्यांना, मग ते आंब्याचे व्यापारी असोत वा मासळीचे, आणि राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांना मी या अभ्यासक्रमाची शिफारस मनापासून करतो. अर्ज करण्यापूर्वी युरलेक्स या युरोपीय संघाच्या कायद्यांच्या विनामूल्य संकेतस्थळावर आंबाबंदीचा २०१४/२३७ हा निर्णय उघडून वाचावा. मजकूर लहानसाच आहे. वाचताना प्रत्येक कलमाशी थांबून ‘हे कोणी आणि कोणत्या अधिकाराने ठरवले?’ असा प्रश्न पडत असेल, तर प्रवेश जरूर घ्यावा.