कुठलं कार्ड ग्रेडिंगला पाठवायचं, हे कार्ड विकत घेणाऱ्याला विचारू नका

कार्ड ग्रेडिंगला पाठवावं की नाही हे सांगणारा माणूस तेच कार्ड स्वतः विकत घ्यायलाही तयार असेल, तर त्याचं ऐकू नका. माझ्या बाबतीत हेच घडलं. चौकशी केल्यावर कळलं की आमच्या ओळखीतल्या आणखी काही घरांतही घडलं आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये पोकेमॉन कार्डांचं वेड सध्या जोरात आहे, पोरांना आणि त्यांच्या आईबापांनाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रेडिंग म्हणजे कार्ड एखाद्या कंपनीकडे पाठवायचं. कार्ड खरं आहे का, कापलेलं-रंगवलेलं नाही ना, हे ते तपासतात, १ ते १० मध्ये दर्जा देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत करतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. पीएसए हे काम १९९१ पासून करते. बेकेट, सीजीसी, एसजीसी अशा आणखीही कंपन्या आहेत. दर कार्डामागे फी असते, आणि दर्जा कमी आला म्हणून ती परत मिळत नाही. एकाच कार्डाच्या नऊ आणि दहाच्या किमतीत कधी कधी तिपटी-चौपटीचा फरक पडतो. त्यामुळे कुठलं कार्ड पाठवायचं, हा सगळा पैशाचाच निर्णय आहे.

आम्ही १९९९ मध्ये एडिसनला राहायचो. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही शाळेत कार्डं जमवायचो. त्या वर्षी पोकेमॉनचा पहिला इंग्रजी संच इथे नुकताच आला होता. विझर्ड्स ऑफ द कोस्टनं छापलेला, १०२ कार्डांचा, त्यातली पहिली १६ चमकणारी, म्हणजे होलो. आईबाबांनी मोठं घर विकायला काढलं तेव्हा तळघरात आमचा जुना बाइंडर सापडला. भाऊ सिएटलला असतो, त्याला दाखवायला मी एकेका पानाचे फोटो काढून पाठवले. हे फोटो पुढे फार कामाला आले.

मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले एक गृहस्थ कार्डांच्या शोमध्ये विक्रीचं टेबल लावतात. वयानं मोठे, सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणायची. ‘ग्रेडिंगचं माझ्यावर सोडा, मी सगळ्यांचं एकत्र पाठवतो, स्वस्त पडतं,’ असं ते सर्वांना सांगत. एकत्र पाठवण्याची पद्धत खरीच आहे आणि प्रामाणिकपणे करणारेही पुष्कळ आहेत. दादा एका रविवारी घरी आले. जेवणाच्या टेबलावर दिवा घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि दोन ढीग करायला लागले, पाठवायची आणि न पाठवायची.

पाठवायच्या ढिगात माझ्या मुलाची, स्लीव्हमध्ये म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवलेली नवी चकचकीत कार्डं गेली, जवळजवळ सगळीच. ‘पॅकमधून थेट स्लीव्हमध्ये गेलीत, नऊ-दहा नक्की.’ न पाठवायच्या ढिगात आमची जुनी होलो कार्डं. ‘मागच्या कडा पांढऱ्या झाल्यात बघ. फी वाया जाईल. साधा छापा आहे, अशी फार निघतात.’ मग निघताना, अगदी सहज, ‘तुझ्याकडे पडून राहणार असतील तर मी घेतो, माझ्या टेबलावर पोरं घेतात अशी.’ ब्लास्टॉइज आणि चॅन्सी या दोन होलो कार्डांचे मिळून ऐंशी डॉलर त्यांनी रोख दिले. ‘हे अनलिमिटेड आहे, ग्रेड करून उपयोग नाही,’ असा मेसेजही ब्लास्टॉइजबद्दल (अनलिमिटेड म्हणजे साधा, भरमसाट निघालेला छापा) नंतर व्हॉट्सॲपवर आला, कारण भावानं विचारायला सांगितलं होतं.

काही महिन्यांनी मुलाची कार्डं परत आली. बहुतेकांना आठ किंवा नऊ. त्या दर्जाची तीच कार्डं बाजारात ग्रेडिंगच्या फीपेक्षाही कमी किमतीला जात होती. असं का झालं हे समजून घेण्यासाठी मी वाचायला लागले, तेव्हा शॅडोलेस म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं.

पहिल्या संचाचे इंग्रजीत मुख्यतः तीन छापे आहेत. सर्वांत आधीच्यावर फर्स्ट एडिशनचा छोटा काळा शिक्का असतो. त्यानंतरच्या थोड्या काळाच्या छाप्यावर शिक्का नाही, पण चित्राच्या चौकटीच्या उजव्या बाजूला सावलीही नाही. तो शॅडोलेस. आणि मग भरमसाट छापलेला अनलिमिटेड, ज्यात चौकटीला ती करडी सावली दिसते. आणखी एक खूण कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. शॅडोलेसमध्ये निन्टेन्डोच्या नावाआधी ९५, ९६, ९८ आणि ९९ अशी चार सालं असतात, अनलिमिटेडमध्ये तिथलं ९९ नसतं. शॅडोलेस होलो कार्डाला अनलिमिटेडच्या कित्येक पट किंमत येते, कडा थोड्या पांढऱ्या असल्या तरीही.

भावाला पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. ब्लास्टॉइजच्या चौकटीला सावली नव्हती. तळाशी चारही सालं होती. कार्डांच्या शोमध्ये टेबल लावणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही, यावर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर मी ऑनलाइन विक्रीची पानं रोज बघत राहिले. एके दिवशी पीएसए ८ दर्जाचं शॅडोलेस ब्लास्टॉइज विक्रीला लागलेलं दिसलं. ते आमचंच असल्याचं मी कशावरून म्हणते, हे नीट सांगते, कारण ही खूण प्रत्येकाला वापरता येईल. जुन्या होलो कार्डात चित्राखाली चमकत्या पन्नीचा थर असतो आणि तिच्यावर तारे नि ठिपके असतात. पन्नीचं नक्षीकाम आणि वरचं छापील चित्र यांचा मेळ घातलेला नसतो. त्यामुळे दोन ब्लास्टॉइजवर चित्र तेच असलं तरी तारे एकाच जागी पडत नाहीत. आमच्या कार्डावर उजव्या तोफेच्या टोकाशी एक मोठा तारा होता, चौकटीच्या कडेनं अर्धा छाटलेला, आणि त्याच्या खाली तीन ठिपके तिरक्या ओळीत. शिवाय वरच्या पिवळ्या पट्टीत शाईचा टाचणीच्या टोकाएवढा निळा डाग. विक्रीच्या फोटोत हे सगळं जसंच्या तसं होतं. माझा फोटो बाजूला ठेवून मी नवऱ्यालाही दाखवलं, त्यानं न विचारता बोट नेमकं त्या डागावर ठेवलं.

मी दादांना फोन केला. ‘अगं, कार्डं सारखीच दिसतात सगळी,’ म्हणाले. दोन्ही फोटो पाठवल्यावर फोन उचलणं बंद झालं. न्यू जर्सीत पाच हजार डॉलरपर्यंतचे दावे छोट्या दाव्यांच्या कोर्टात वकिलाशिवाय लावता येतात. तसं करणार असल्याचं मी लिहून कळवलं आणि सोबत त्यांचा तो ‘अनलिमिटेड आहे’ हा मेसेज जोडला, तेव्हा कुठे ते तडजोडीला आले. थोडे पैसे मिळाले. कार्ड मात्र तोवर कुणा तिसऱ्याला विकलं गेलं होतं. भावानं ते त्याच्या वाढदिवसाच्या पॅकमधून काढलेलं होतं. त्याला हे सांगताना माझा आवाज फुटेना.

यात फसवणूक दोन्ही बाजूंनी होते, हे ध्यानात घ्या. ज्यात दम नाही ती कार्डं पाठवायला लावायची, म्हणजे दर कार्डामागचं कमिशन सुटतं. ज्यात दम आहे ती ‘उपयोग नाही’ म्हणून स्वस्तात पदरात पाडून घ्यायची. एका ओळखीच्या घरी तिसराच प्रकार झाला. त्यांचं चारिझार्ड ‘कडा जरा नीट करून पाठवतो’ म्हणून नेलं आणि ते दर्जा न देता परत आलं. शेरा होता, कडा कापल्याची चिन्हं. त्यांनी तर कडांना हात लावायला सांगितलंही नव्हतं. कापाकापीचा इतिहास या धंद्यात जुनाच आहे. पीएसएनं दर्जा दिलेलं पहिलं कार्ड होनस वॅगनर या बेसबॉल खेळाडूचं, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कार्डांपैकी एक. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावाच्या धंद्यातल्या बिल मॅस्ट्रोनं २०१३ मध्ये कोर्टात दिली. अशा कार्डालाही ८ चा दर्जा मिळून गेला होता.

आता निवड स्वतः कशी करायची ते. आधी हिशोब, भिंग नंतर. समजा एक नवं कार्ड आहे तसं ओळखीत पंधरा डॉलरला जातं, नऊ मिळालं तर तीस, दहा मिळालं तर नव्वद. फी आणि टपाल धरून खर्च तीस. दहा मिळण्याची शक्यता तीनात एक धरली, तर सरासरी विक्री पन्नास येते. विकणारी साइट साधारण तेरा टक्के कापते, राहिले साडेत्रेचाळीस. त्यातून खर्चाचे तीस गेले की हातात साडेतेरा उरतात, म्हणजे न पाठवता मिळाले असते त्यापेक्षा कमी. म्हणून ज्या कार्डाला नऊ मिळालं तरी खर्च निघतो, तेच पाठवायचं. दहाच्या आशेवर पाठवणं आतबट्ट्याचं. किमती बघताना विक्रेत्यानं मागितलेल्या बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बघा. पीएसएच्या साइटवर पॉप रिपोर्ट असतो, त्यात त्या कार्डाला आजवर किती वेळा कुठला दर्जा मिळाला ते आकडे आहेत. एकूण पाठवलेल्यांपैकी निम्म्यांना दहा मिळत असेल, तर त्या दहालाही फारशी किंमत राहत नाही.

मग कार्ड दिव्याखाली धरा आणि सावकाश तिरकं करा. समोरून बघताना न दिसणारे ओरखडे नि दाबले गेलेले खळगे तिरक्या उजेडात उठून दिसतात. एक छोटा खळगा असला तरी नऊ-दहाचा विचार सोडून द्यायचा. मागची निळी बाजू पाहा, चारही कोपऱ्यांवर पांढरं दिसतं का. समोरच्या किनारी फूटपट्टीनं मोजा, डावी-उजवी आणि वरची-खालची. दहासाठी समोरासमोरच्या दोन किनारींचं प्रमाण साधारण ५५-४५ च्या आत लागतं. कापडानं पुसू नका, कडा घासू नका. महागड्या जुन्या कार्डांचं गणित वेगळं. तिथे दर्जा पाच आला तरी कार्ड अस्सल असल्याचा शिक्का मिळतो, आणि खोट्या कार्डांनी भरलेल्या बाजारात त्यालाच गिऱ्हाईक मिळतं.

खोट्यांचा सुळसुळाट भारतात तर विचारायलाच नको. पुण्याला स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी दहा-वीस रुपयांची सोनेरी पाकिटं ग्रेडिंगच्या लायकीची नाहीत, कुणी काहीही सांगो. भारतातून पाठवणाऱ्यांना बहुतेक वेळा मध्यस्थ लागतोच. त्याच्याकडून सबमिशनचा नंबर आणि प्रत्येक कार्डाची जाहीर केलेली किंमत लिहून घ्या. ती किंमत कमी लिहिली, तर वाटेत गहाळ झाल्यावर भरपाईही तेवढीच. आणि दर्जा लागल्यावर प्रत्येक कार्डाचा सर्टिफिकेट नंबर मागा. तो कंपनीच्या साइटवर टाकला की नोंद दिसते, बऱ्याचदा फोटोसुद्धा. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला पुढचं कार्ड देऊ नका.

कार्ड घराबाहेर जाण्याआधी पुढचा-मागचा फोटो, स्लीव्हमधून काढून, भरपूर उजेडात. होलो असेल तर तारे दिसतील असा एक तिरका.

ज्यांनी ‘उपयोग नाही’ असं ऐकून आपली जुनी कार्डं त्याच सांगणाऱ्याला विकली असतील, त्यांनी फोनमधले जुने फोटो आधी शोधा, चौकटीची सावली आणि तळाची सालं बघा, आणि त्या माणसाशी झालेले मेसेज पुसू नका. फोटो माझ्याकडे पाठवलेत तर मी बघून देईन, पैसे घेणार नाही आणि तुमचं कार्डही विकत घेणार नाही.