पेल्विक फ्लोअरची सोनोग्राफी: तीनदा करून आल्यावर

गेल्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालं. कॅथेटर निघाल्यापासून खोकलो किंवा खुर्चीतून उठलो, की लघवी गळायची. दिवसाला चार पॅड लागायचे. ऑपरेशन जिथे झालं, तिथे डिस्चार्जच्या वेळी कीगल व्यायामाचा (पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे लघवी-शी रोखणारे स्नायू आवळण्याचा) एक झेरॉक्स कागद हातात दिला होता: ‘शी रोखून धरल्यासारखं करा.’ दोन महिने दिवसातून तीनदा इमानेइतबारे केलं, पण काही फरक पडला नाही. मी करतोय ते बरोबर आहे का, हे एकदाही कुणी पाहिलं नाही. त्याचा मला आजही राग येतो.

मग कर्वे रस्त्यावरच्या या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये गेलो. लाज वाटत होती, पण सोनोग्राफीची तपासणी मला वाटलं होतं तशी नव्हती. पँट काढून, चादर पांघरून, गुडघे दुमडून उताणं झोपायचं. प्रोबला (अंगावर टेकवून चित्र घेणाऱ्या उपकरणाला) कव्हर आणि जेल लावून तो वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेवर बाहेरूनच टेकवतात. आत काहीही घालत नाहीत. दुखत नाही, आणि यात एक्स-रेसारखं रेडिएशनही नसतं.

‘काका, घरी करता तसंच करून दाखवा,’ फिजिओ म्हणाले. मी केलं. पडद्यावर गुदाशयाचं वळण झटकन पुढे आलं, पण मूत्रनलिका जवळजवळ जागची हलली नाही. वर पोट ताठ केल्यामुळे मूत्राशय खाली दाबला जात होता. दोन महिने मी भलताच स्नायू कमावत होतो! मग ते म्हणाले, ‘आता लिंग आत ओढून आखूड करायचंय, असं करा.’ तेवढ्या एका वाक्याने मूत्रनलिकेचा मधला भाग मागे सरकताना मला दिसला. त्यांनी चित्र थांबवलं, दोन ठिपके ठेवून मोजलं: २.१ मिलीमीटर.

मी टूलरूममध्ये ३१ वर्षं व्हर्निअर आणि मायक्रोमीटर घेऊन काम केलंय. मोजल्याशिवाय जॉब पुढे जात नाही, हे माझ्या हाडात आहे. स्वतःच्या शरीराचं माप असं समोर आलं आणि डोळे भरून आले.

त्यांनी नीट समजावलं. मूत्रनलिकेभोवतीचा स्नायू तिला मागे खेचतो, गुदाशयामागचा झोळीसारखा स्नायू ते वळण पुढे-वर ओढतो, आणि लिंगाच्या मुळाशी असलेला तिसरा स्नायू तिथला फुगीर भाग दाबतो. तिघांची हालचाल वेगवेगळी मोजता येते. पुरुषांसाठी ही पद्धत ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या रायन स्टॅफर्ड, पॉल हॉजेस आणि सहकाऱ्यांनी २०१२च्या सुमारास मांडली. कोणत्या सूचनेने कोणता स्नायू जास्त काम करतो, हेही त्यांनी २०१६मध्ये दाखवलं. लिंग आखूड करण्याची सूचना तिथलीच. एमआरआयवर मूत्रनलिकेच्या, त्या पहिल्या स्नायूने वेढलेल्या भागाची लांबी मोजतात (लांबी जास्त असेल तर ताबा लवकर येण्याची शक्यता जास्त), पण आवळताना काय होतं ते लगेच बघून तिथल्या तिथे सुधारणं सोनोग्राफीत सोपं.

आता खटकलेलं. दुसऱ्या वेळी मोजणारी व्यक्ती वेगळी होती. प्रोबचा कोन जरा बदलला तरी आकडा बदलतो, त्यामुळे ते माप मी धरतच नाही. तिसऱ्या वेळी पहिल्याच फिजिओंची वेळ मागून घेतली. खोलीतला आडोशाचा पडदा पूर्ण बंद होत नाही; आडोसा पुरुष पेशंटनाही लागतो. रिपोर्टमध्ये फक्त आकडे असतात, फोटो मागावा लागतो. स्क्रीन तर पहिल्यांदा त्यांच्याकडेच वळलेली होती. मी सांगितल्यावर माझ्याकडे केली. या तपासणीचं सगळं मोल स्वतः बघण्यात आहे, तेव्हा हे न विचारता व्हायला हवं.

तिसरं माप ४.६ मिलीमीटर आलं. आता दिवसाला एकच पॅड लागतो, तोही बाहेर जाताना. पाचपैकी चार तारे. पुढची वेळ १४ तारखेला आहे. त्या दिवशी उभं राहून, खोकताना मोजा, असं मी आधीच सांगून ठेवलंय.