अंतरा इंजेक्शन: औषध पक्कं, तारीख कच्ची

दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावानं फुकट मिळतं आणि खासगीत ‘डेपो-प्रोव्हेरा’सारख्या नावांनी विकत, ते औषध एकच आहे: मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, १ मिलीच्या बाटलीत १५० मिलिग्रॅम. भारतात खासगी बाजारात ते १९९०च्या दशकापासून आहे. सरकारी कुटुंब नियोजनात आलं २०१७ साली.

“हे घेतलं की दिवस राहणार नाहीतच ना?” याला एक उत्तर देऊन भागत नाही, दोन आकडे सांगावे लागतात. वर्षभर प्रत्येक डोस वेळेवर घेणाऱ्या हजार बायकांमध्ये साधारण दोघींना दिवस राहतात. पण घराघरांत जसं घेतलं जातं, म्हणजे कधी उशीर, कधी एखादा डोस बुडाला, तसं धरलं तर हजारात चाळीस, म्हणजे शंभरात चार. औषध तेच, फरक वीसपट. याच मापानं रोजच्या गोळ्या शंभरात सात आणि निरोध शंभरात तेरा ठिकाणी फसतो. तांबी शंभरात एकाहूनही कमी वेळा फसते, कारण ती बसवल्यावर बाईला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

इंजेक्शननं बीज बाहेर पडणंच थांबतं आणि गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट होतो. वजन जास्त असलं म्हणून औषध कमी पडत नाही. टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर उतरवतात, तसं या इंजेक्शनचं होत नाही. टीबीचा कोर्स चालू असलेल्या बाईला ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी, आणि नेमकी तीच बऱ्याचदा सांगायची राहते.

पहिला डोस पाळीच्या पहिल्या ७ दिवसांत घेतला तर वेगळं काही वापरावं लागत नाही. त्यानंतर घ्यायचा तर आधी दिवस नाहीत याची खात्री करावी आणि पुढचे ७ दिवस निरोध वापरावा. ‘इंजेक्शन घेऊनही राहिलं’ अशा तक्रारींत दिवस आधीच राहिलेले असण्याचीही शक्यता असते. अशा वेळी बाळाला या औषधानं अपाय होत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनं बाळंतपणानंतर ६ आठवडे थांबावं. गर्भपातानंतर लगेच किंवा ७ दिवसांच्या आत घेता येतं.

आता सुई. बाटली नुसती ठेवली की पांढरं औषध तळाला बसतं आणि वर पाणी दिसतं. तळाला काही उरणार नाही इतकी ती हलवायची, सगळं एकसारखं दुधाळ झालं की मगच सिरिंजमध्ये ओढायचं. न हलवता ओढलं तर औषधाचा काही भाग बाटलीतच राहतो आणि डोस अपुरा पडतो. सुई दंडात, मांडीत किंवा कुल्ल्यात खोल स्नायूत द्यायची, पूर्ण १ मिली. नंतर कापूस नुसता दाबून धरायचा. आपल्याकडे सुई टोचली की जागा चोळायची सवय आहे, घरी गेल्यावर शेकायचीही. इथे दोन्ही बंद. औषध स्नायूत साठून थोडं थोडं सुटावं, अशीच त्याची रचना आहे. चोळल्या-शेकल्यानं ते लवकर शोषलं जातं आणि शेवटच्या आठवड्यांत कमी पडू शकतं. सिस्टर चोळायला लागली तर “चोळू नका” असं बाईनं स्वतः म्हणावं, त्यात लाजायचं काही नाही.

खरी गंमत तारखेची आहे. अंतर १३ आठवडे, म्हणजे ९१ दिवस. ‘तीन महिन्यांनी या’ हे तोंडी सांगणं पुरेसं नाही, कार्डावर तारीख लिहिलेली हवी. डोस ५ जानेवारीला घेतला तर पुढचा ६ एप्रिलला. दोन आठवडे आधी, म्हणजे २३ मार्चपासून घेता येतो. उशीर झालाच तर चार आठवडे, म्हणजे ४ मेपर्यंत चालतो, जादा काळजीची गरज नाही. खासगी कंपनीचं पत्रक मात्र १३ आठवडे उलटले की आधी तपासणी करा म्हणतं, त्यामुळे हे चार आठवडे अडीनडीसाठीच ठेवावेत. डोस ज्या दिवशी प्रत्यक्ष घेतला त्या दिवसापासून पुढचे ९१ मोजायचे, जुन्या तारखेपासून नाही. कार्डावर ही चूक सर्रास होते.

चार आठवड्यांपेक्षाही उशीर झाला असेल आणि त्या काळात संबंध आले नसतील किंवा प्रत्येक वेळी निरोध वापरला असेल तर इंजेक्शन देता येतं, पुढे ७ दिवस निरोध. नाहीतर आधी लघवीची तपासणी. ती शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी केली तरच विश्वासाची.

बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची तारीख हमखास फडावर असताना येते. गाव सोडण्याआधी दोन आठवड्यांची सवलत वापरता येते का ते पाहावं आणि कार्ड ट्रंकेत न टाकता सोबत ठेवावं. पहिल्या डोसआधी डॉक्टरांची तपासणी लागते, पुढचे डोस प्रशिक्षित नर्स किंवा एएनएम (आरोग्यसेविका) देऊ शकते, त्यामुळे कार्ड दाखवून जवळच्या सरकारी केंद्रात घेता येतो.

औषधाला पाचपैकी पाच. सेवेचे गुण केंद्रागणिक बदलतात, आणि ते कापले जातात पाळीविषयी आधी न बोलल्यामुळे. पहिल्या तीन-सहा महिन्यांत अंगावरून अधूनमधून जातं, डाग पडतात, कधी आठ-दहा दिवस लांबतं. वर्षभरात बऱ्याच जणींची पाळी थांबते. ‘घाण आत साठते’ ही भीती इथूनच येते. आत काही साठत नाही. आतलं अस्तर पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडायला फारसं काही नसतंच. हे सुई टोचण्यापूर्वी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या डोसला फिरकत नाही, आणि आशाताईच्या वहीत ‘बंद केले’ एवढंच उरतं. फार लांबलं तर डॉक्टर मेफेनॅमिक अॅसिडसारखी गोळी पाच दिवस देतात. इंजेक्शन थांबवावंच लागेल असं नाही.

वजन वर्षाला एखाद-दोन किलो वाढतं. हाडांतलं कॅल्शियम थोडं उतरतं आणि थांबवल्यावर बऱ्याच अंशी भरून येतं, तरी दोन वर्षांनी डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवावं. दीर्घकाळ घेणाऱ्यांत मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची सहसा कर्करोग नसलेली गाठ, होण्याचा धोका वाढल्याचं दिसल्यावर २०२४ साली युरोपात इशारा निघाला. मुळात ही गाठ क्वचितच होते, पण पूर्वी झाली असेल तर हे इंजेक्शन नको. स्तनाचा कर्करोग असेल तर अजिबात नको. बीपी १६०/१०० च्या वर, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर दुसरं साधन शोधावं. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून यात संरक्षण नाही, त्यासाठी निरोधच लागतो.

थांबवल्यावर मूल राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने लागतात. वंध्यत्व येत नाही, पण उशीर होतो. येत्या वर्षात मूल हवं असलेल्या जोडप्यानं हे निवडू नये, तांबी बरी, काढली की लगेच मोकळं. पाळणा दोन-तीन वर्षं लांबवायचा आहे, रोजची गोळी विसरते, घरात डबी दिसायला नको, अशा बाईला मात्र हेच सोयीचं. तिनं कार्ड घेतल्या घेतल्या पुढची तारीख मोबाइलच्या अलार्ममध्ये टाकावी, दोन आठवडे आधीची.