डॅनिश मेडिकल रिपोर्ट इंग्लिशमध्ये करायचाय? आधी सुंडहेड डॉट डीके उघडा

डेन्मार्कमधल्या हॉस्पिटलचे कागद इंग्लिशमध्ये करायची वेळ आली की बहुतेक जण सरळ फोनवरच्या अ‍ॅपमध्ये फोटो टाकतात आणि जे येईल ते डॉक्टरला पाठवून देतात. अपॉइंटमेंटच्या पत्रासाठी चालेल हो, पण डिस्चार्जच्या कागदासाठी, ज्याला तिकडे एपिक्रिसे म्हणतात, प्लीज असं करू नका. मी हे भाषांतराचं काम नेहमी करते आणि माझं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे सुंडहेड डॉट डीके, डेन्मार्कचं सरकारी आरोग्य पोर्टल, २००३ पासून चालू आहे. स्वतःचे रिपोर्ट बघायला मिटआयडीने, म्हणजे डेन्मार्कच्या डिजिटल ओळखपत्राने, लॉगिन करावं लागतं, पण त्यातली दोन हँडबुकं कोणालाही फुकट वाचता येतात, पेशंटसाठी पेशंटहॉन्डबोगेन आणि डॉक्टरांसाठी लेगेहॉन्डबोगेन. खरी गंमत ही दोन्ही शेजारी शेजारी उघडून वाचण्यात आहे.

कारण डॅनिशमध्ये बऱ्याच आजारांना दोन नावं असतात, एक घरगुती आणि एक लॅटिन-ग्रीक वळणाचं, आणि एकाच कागदावर दोन्ही येतात. न्यूमोनियाला साधं नाव लुंगेबेटेन्डेल्से, म्हणजे फुफ्फुसाची सूज, आणि डॉक्टर लिहिणार न्यूमोनी. हे सोपं आहे. पण ब्लोडप्रॉप घ्या. शब्दशः रक्ताची गाठ. 'ब्लोडप्रॉप इ येर्नेन' म्हणजे मेंदूतली, 'ब्लोडप्रॉप इ येर्टेट' म्हणजे हृदयातली, डॅनिश लिपीत मेंदू आणि हृदय या मूळ शब्दांत एकाच अक्षराचा फरक, त्यामुळे अंधुक स्कॅनवर तर डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. इंग्लिशमध्ये याचं 'ब्लड क्लॉट इन द ब्रेन' केलं तर वाचणारा डॉक्टर भलताच विचार करत बसेल, कारण पहिल्याचा अर्थ आहे इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडून आलेला झटका, आणि दुसऱ्याचा सरळ हार्ट अटॅक. स्ट्रोकसाठीचा डॉक्टरी शब्द अपोप्लेक्सी, तोही जसाच्या तसा इंग्लिशमध्ये नेला तर शंभर वर्षांपूर्वीचा वाटतो.

इथे लेगेहॉन्डबोगेनमधले डायग्नोसिस कोड कामाला येतात. डेन्मार्कची एसकेएस नावाची कोड पद्धत आहे, त्यात आजारांचे कोड म्हणजे आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचेच कोड, फक्त सुरुवातीला एक 'डी' लावलेला. डीआय६३ दिसला की डी काढा, आय६३ राहतो, सेरेब्रल इन्फार्क्शन, जगातला कुठलाही डॉक्टर ओळखेल. मी आधी कोड शोधते आणि मगच वाक्याला हात लावते. एक मात्र लक्षात ठेवा, डेन्मार्कने आयसीडी-१० १९९४ मध्ये घेतलं, त्याआधी आयसीडी-८ होतं, त्यामुळे जुन्या फाइलींवर ही युक्ती चालत नाही.

आता कमी कुठे पडतं ते सांगते. हँडबुकं डॅनिशमध्येच आहेत, थोडी तरी भाषा यायला हवी. आणि वॉर्डातल्या घाईच्या, शॉर्टफॉर्मने भरलेल्या नोंदींसाठी हा आधार पुरत नाही. 'आय.ए.' म्हणजे इंटेट अबनॉर्म्ट, काही गैर नाही. 'ऑब्स प्रो' असं आजाराच्या आधी असेल तर तो आजार झालेला नाही, फक्त संशय आहे! हे गाळलं तर संशयाचं पक्कं निदान होऊन बसतं आणि पुढच्या देशातल्या फाइलीत ते कायमचं चिकटतं. माझ्या मते अख्ख्या कागदातली सगळ्यात महत्त्वाची दोन शब्दांची जागा हीच.

लॅबच्या आकड्यांचं वेगळंच. डेन्मार्कमध्ये हिमोग्लोबिन मिलिमोल प्रति लिटरमध्ये देतात आणि दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. तर कागदावर '८,०' दिसतं, युनिट गाळून तुम्ही इंग्लिशमध्ये फक्त ८ लिहिलंत तर ग्रॅमची सवय असलेला डॉक्टर अ‍ॅनिमिया समजून घाबरेल, प्रत्यक्षात १.६१ ने गुणलं की १२.९ ग्रॅम प्रति डेसिलिटर येतं. एचबीए१सी, म्हणजे डायबेटिससाठीची साखरेची टेस्ट, पण तसंच, ४८ मिलिमोल प्रति मोल म्हणजे ६.५ टक्के. मी मूळ आकडा आणि युनिट तसंच ठेवते आणि बदललेला आकडा शेजारी कंसात देते, मूळ कधीच पुसत नाही, कारण औषधाचा डोस कोणीतरी त्यावरून ठरवणार असतो.

सुंडहेड डॉट डीकेला पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो शॉर्टफॉर्मसाठी, त्यांची यादी स्वतःच करत जा आणि अडलं तर ज्या वॉर्डाने कागद दिला तिथेच फोन करून विचारा.