फ्री साइज स्ट्रेच ब्लाउज: येतो, पण बसतो का?

"फ्री साइज आहे ताई, कोणालाही येते." आर्णी-दारव्ह्याकडच्या आठवडी बाजारात 200 ते 300 रुपयांना मिळणाऱ्या स्ट्रेच ब्लाउजची सगळी जाहिरात या एका वाक्यात आहे. वाक्य खोटं आहे. ब्लाउज मात्र अगदीच टाकाऊ नाही.

आधी कापड. पाकिटावर 'कॉटन लायक्रा', म्हणजे सुती कापडात ताणणारा धागा, असं लिहिलेलं असतं, आत बरेचदा पॉलिस्टर निघतं. म्हणून आधी एकच घ्या आणि कडेचा धागा जाळून बघा. शिवणीचा दोरा नको, तो बहुधा पॉलिस्टरचाच असतो. कापडाचा धागा हवा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. मे महिन्याच्या उन्हात असं कापड घाम शोषत नाही, आणि खालचं ओलं इलॅस्टिक दिवसभर घासून चट्टे उठतात.

खरी गडबड मापात आहे. ब्लाउज जमिनीवर पसरून बगलेखाली टेप लावा. 14 इंच आला म्हणजे घेर 28. छाती 34-36 असेल तर तो नीट ताणून बसतो. 42 लाही चढतो, पण विण उघडते, रंग फिका पडतो आणि आतलं दिसायला लागतं. शिवाय याला टक्स, म्हणजे उभारासाठी घातलेल्या निमुळत्या चुण्या, नसतात. समोरच्या उभारासाठी लागणारं कापड मग खालून ओढलं जातं आणि पट्टी वर सरकते. बाई दिवसभर ब्लाउज खाली ओढत राहते आणि 'मीच जाडी झाली' म्हणते. दोष कटिंगचा, बोलणी अंगाला!

बाह्यांचंही तेच. हंडे उचलणाऱ्या, निंदण-वेचणी करणाऱ्या हातांचे दंड भरलेलेच असणार. बाही कापली जाते बाहुलीच्या दंडावर. काच पडत असेल तर गावातल्या शिंप्याकडे नेऊन फार उपयोग नाही. साध्या सुईने स्ट्रेच कापडावर टाके सुटतात, सरळ शिलाई ताणली की तुटते. बोथट टोकाची सुई आणि झिगझॅग शिलाई लागते, ती साध्या पायमशीनवर होत नाही.

तुलनेला शिवलेला ब्लाउज घ्या: टू बाय टू रुबियाचं सुती कापड, चार टक्स. साडीसोबतचा 80 सेंटिमीटर पीस छाती 40 च्या पुढे असेल तर अपुरा पडतो, मीटरभर घ्या. अस्तर रात्रभर भिजवून, वाळवूनच द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं. बाजूच्या शिवणीत प्रत्येक पदराला एक इंच जास्तीची माया मागा. दोन बाजू, चार पदर. उसवलं की घेर तीन-साडेतीन इंच वाढतो. बाळंतपणानंतर हीच माया कामी येते.

मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल काप, खोल करून मागू नका. मोकळा वाटतो, पण हात वर केला की अख्खा ब्लाउज सोबत वर जातो. मुंढा बगलेजवळ, बाही रुंद, असं सांगा.

आणि 'मापाचा ब्लाउज' देणं बंद करा. टेप लावून घ्यायला संकोच वाटतो म्हणून चार वर्षांपूर्वीचा, धुऊन आटलेला ब्लाउज दिला जातो, आणि त्याची प्रत्येक चूक नव्यात उतरते. घरीच बहिणीकडून, नेहमीची बॉडी घालून छाती, छातीखालचा घेर, खांदा, मुंढा, दंड मोजून चिठ्ठी द्या.

मग स्ट्रेच ब्लाउज घ्यावा कोणी? छाती 36 च्या आत, दंड 11 इंचांपर्यंत, लग्नाकार्यात तासा-दोन तासांसाठी: खुशाल घ्या. अंगावर पाजणारीला नको, समोर हूकच नसतात. घेतलाच तर गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. गरम इस्त्रीने लायक्रा मरतो आणि महिन्याभरात गळा लोंबायला लागतो.